तोंड झाकून रडणारी आत्या

माझ्या आत्याला रडता येत नसे. दुखवट्याला नाही, दाढ दुखल्यावर नाही, कांदा चिरतानाही नाही. आणि नेमकी हीच बाई मूकपटांत सात वर्षं रडण्यासाठी नावाजली गेली. आमच्या घराण्यात सरळ मार्गानं काहीच होत नाही.

ती शिंप्याची मुलगी. आजोबा एका सिनेमा कंपनीचे कपडे शिवायचे आणि आत्या नायिकेच्याच अंगलटीची म्हणून प्रत्येक कपडा आधी तिच्या अंगावर चढवून बघायचे. उरलेला दिवस तिनं मान मोडून बटणांची काजं करायची. स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची मोठी शेड, ऊन असेल तेवढाच वेळ काम. एकदा चार दिवस ढगांत गेले, पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि नायिका नेमकी रुसून माहेरी. कपडे पोचवायला आलेल्या आत्याकडे दिग्दर्शकानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. कपडे तर तिला बसतच होते. तिच्या तोंडाला मेकअपचा पिवळा रंग फासला, समोर उभं केलं आणि सांगितलं, नवरा वारलाय, रड.

आत्यानं पाहिलं तर कॅमेरावाला एक डोळा मिटून, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत, जात्याचा खुंटा फिरवावा तसं कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होता. तिला हसू फुटलं. ते दाबायला तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे गदागदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि जो काही खिदळण्याचा आवाज निसटला तो कॅमेऱ्याच्या खडखडाटात बुडाला. दिग्दर्शकानं रुमाल काढून स्वतःचं नाक पुसलं.

सात वर्षं हेच चाललं. नवरे गेले, घरं जळाली, आत्या कॅमेरावाल्याकडे बघायची आणि तोंड झाकायची. थिएटरात बायका हुंदके द्यायच्या, आणि आजी तेवढी "कार्टी हसतेय" असं पुटपुटत बसायची. आजोबांनी काजांसाठी दुसरी मुलगी ठेवली. आत्या इतकी सुखात होती की रोज सकाळी स्टुडिओच्या वाटेवर तिचे पाय आपोआप भरभर पडायचे.

मग बोलपट आले. आवाज होऊ नये म्हणून कॅमेरा, कॅमेरावाल्यासकट, काचेची खिडकी असलेल्या एका लाकडी खोलीत कोंडला गेला, आणि आत्याच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगला. पहिल्याच बोलपटात ती आई होती. मुलगी कायमची दूर देशी निघते आणि आई हुंदका देते, एवढाच प्रसंग.  आत्या हसली तर ऐकू जाणार, रडणं तर येत नाही. काम गेलं की पुन्हा काजं. तालमीत तिनं एक खोटा हुंदका काढून बघितला. ध्वनिमुद्रकानं दचकून कानांवरचे हेडफोन काढले आणि स्टुडिओत कोंबडी शिरली आहे का म्हणून विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. आत्या सरळ दिग्दर्शकापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, मला रडता येत नाही. इतकी वर्षं मी हसत होते."

 तिच्या प्रत्येक रडण्यावर दिग्दर्शक स्वतः रडला होता, त्यामुळे आधी त्याला राग आला, आणि मग तो राग त्याला धड टिकवता येईना.

"मग हसा," तो शेवटी म्हणाला. "मुलीचा पाय घरातून निघावा म्हणून आई हसतेय. पण तोंड झाकायचं नाही."

काचेआड एक डोळा मिटलेला कॅमेरावाला दिसला आणि आत्या पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उघड्या तोंडानं हसली. मोठं, मोकळं, जरासं घोगरं हसू. मुलीचं काम करणारी पोरगी दारातून बाहेर पडायची होती; ती उंबऱ्यावर थबकली, मागे फिरली आणि आत्याच्या गळ्यात पडली. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कॅमेरा थांबवायला कुणी सांगितलं नाही. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत हसत राहिली. अख्ख्या स्टुडिओत रडत नव्हती अशी ती एकटीच. पुढच्या बोलपटातली आईसुद्धा तीच, हे दिग्दर्शकानं डोळे पुसता पुसता तिथंच सांगून टाकलं.