मारोतीचं उतरायचं गाव

"काका, आता काही विकायची गरज न्हाई."

मारोतीच्या लेकीचा, मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या बसस्टँडवर उभा होतो. "बाबा गेले" असं ती म्हणालीच नाही. गेला पंधरवडाभर आम्ही दोघं फोनवर आणि दवाखान्यात एकच बोलत होतो, आज कोणता फंड मोडायचा, किती युनिट विकायचे, पैसे खात्यात कधी पडतील... त्यामुळे बापाच्या मरणाची बातमीसुद्धा त्या लेकराला त्याच भाषेत सुचली. समोर हिंगोलीची गाडी लागली होती. लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून जागा धरत होते. ड्रायव्हरच्या मागची खिडकी, जिथं बसून मारोती मला "गजा, चढ लवकर" म्हणून ओरडायचा, तिथं एक अनोळखी बाई लेकराला बिस्कीट चारत बसली होती.

मारोती माझा शाळेपासूनचा सोबती. आमचं गाव कळमनुरीपासून जवळच, घरं एकाच आळीत. दोघांच्याही घरात आमच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर कागदावर अंगठाच उठवला. मी बी.ए. झालो, तो बी.कॉम. आणि पुढं एम.कॉम. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याचा आम्हाला अभिमान होता आणि तो लपवावा असं मला आजही वाटत नाही. निकालाच्या दिवशी त्यानं घरी जाऊन कोऱ्या वहीच्या पानभर नुसत्या सह्या केल्या होत्या, आणि त्याची आई शेजाऱ्यांना बोलावून ते पान दाखवत होती. पुढं मी हिंगोलीला सरकारी कार्यालयात लागलो. तो तिथल्याच एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागला. पगार कधी व्हायचा, कधी चार महिने अडकायचा. पण रोजची गाडी एकच होती आमची, आणि शेजारची जागाही.

त्या गाडीतच त्यानं आम्हा सगळ्यांना शेअर बाजार शिकवला. आमच्याकडं आधी शेअर म्हटलं की लोक "सट्टा" म्हणून तोंड फिरवायचे, आणि आता तेच लोक मोबाइलवर ऑप्शन खेळून दुपारपर्यंत महिन्याची कमाई घालवून बसतात. मारोतीला दोन्हीचा राग होता. तो म्हणायचा, बाजार हा जुगाराचा अड्डा नाही आणि देवाचा गाभाराही नाही. शेअर म्हणजे धंद्यातली भागी. आपण ज्याच्या धंद्यात भागी घेतो तो काय विकतो, त्याला नफा होतो का, हे बघायचं. सगळा पैसा एकाच ठिकाणी घालायचा नाही, सोयाबीनच्या रानात तुरीच्या ओळी आपण काहून टाकतो, तसं. घरखर्चाचा सहा महिन्यांचा पैसा बाजूला ठेवल्याशिवाय बाजाराकडं बघायचंसुद्धा नाही. एवढं बोलून झालं की तो समोरच्याला हमखास विचारायचा, "उतरणार कुठं?"

एकदा आमच्याच गाडीतले एक गुरुजी त्याच्या सीटला खेटून उभे राहिले.

"सर, एक शेअर घ्यावं म्हणून राहिलो. पाव्हण्यानं सांगितलं, वर्षात दुप्पट होते."

"घ्या की. उतरणार कुठं?"

"रोजच्यासारखं. हिंगोलीला."

"गाडीतनं न्हाई हो गुरुजी, शेअरातनं!"

सगळी गाडी हसली. गुरुजीही हसले. मग मारोतीनं त्यांना समजावून सांगितलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नांदेडला जायचं म्हणून तुमी गाडीत बसले. मधीच इंजिनातनं खडखड आवाज सुरू झाला. तुमी वाटेतल्या बाळापूरला उतरणार का गाडी पेटंस्तोवर बसून राहणार? तसंच भाव खाली यायला लागला तर कुठवर कळ काढायची आन् कुठं विकून मोकळं व्हायचं, हे घ्यायच्या आधीच ठरवायचं. डोकं थंड असताना. त्याला स्टॉप लॉस म्हणतात. एकदा पैसा अडकला का माणूस सवताशीच खोटं बोलाया लागते."

"आन् ठरवूनबी न्हाई उतरलं तर?"

"मंग पाव्हण्याला बोलवा ढकलायला."

फक्त एका गोष्टीला त्यानं स्टॉप लॉस लावला नव्हता. मुक्ता पोटात होती तेव्हापासून तो तिच्यासाठी आपल्या नावानं म्युच्युअल फंडाचा महिन्याचा हप्ता भरत होता. पगार अडकला तर शिकवण्या घ्यायचा, पण हप्ता चुकू द्यायचा नाही. बाजार पडला की उलट खूश व्हायचा, "तेवढ्याच पैशात जास्त युनिट आले" म्हणायचा. मुक्ता मोठी झाली. तिला घरांची चित्रं काढायचा नाद, तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, संभाजीनगरच्या कॉलेजात. मी एकदा त्याला चिडवलं, "सगळ्याला उतरायचं गाव इचारतोस, मंग मुक्ताच्या हप्त्याचं काय?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिचं गाव लांब हाय, गजा. तिला मधी उतरायचंच न्हाई."

पाच-सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील नांदेडच्या दवाखान्यात वारले. शेवटचे कितीतरी दिवस मशीनवर होते. सगळं झाल्यावर, चौदाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच गाडीत शेजारी शेजारी बसलो. त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग एकदम म्हणाला, "माझी पाळी आली आन् डॉक्टर म्हणले की आता मशीनच श्वास घेऊन राहिली, तर मला घरी आणायचं. माझं बाळापूर तेच. आन् मुक्ताच्या पैशाला हात लागू द्यायचा न्हाई." मी म्हणालो, हे कागदावर लिहून ठेव. "सुनंदा फाडून टाकंल," बायकोचं नाव घेऊन तो हसला. "तू शिकलेला हायस. तू सांग तिला."

डोकं थंड असताना ठरवलं होतं त्यानं. सगळं नियमानुसार.

या उन्हाळ्यात, पेपर तपासत असताना, स्टाफरूममध्येच तो खुर्चीवरून कलंडला. मेंदूत रक्तस्राव. हिंगोलीहून नांदेड, तिथं ऑपरेशन, मग मशीन. आरोग्य विमा होता, तो पहिल्या आठवड्यातच संपला. शुगर असल्यामुळं आयुर्विम्याच्या मोठ्या पॉलिसीला त्याला नकार मिळाला होता. बाजूला ठेवलेला सहा महिन्यांचा पैसाही गेला. डॉक्टर भले होते, त्यांनी काही लपवलं नाही. आम्हाला बसवून सरळ सांगितलं, मेंदू परत येईल असं दिसत नाही, मशीन आहे तोवर शरीर चालेल, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

मी सुनंदावहिनींना जिन्याजवळ बाजूला घेतलं आणि त्यानं गाडीत सांगितलेलं सगळं सांगितलं. बाळापूरही सांगितलं. मोठ्यानं बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"भाऊजी, तुमी दोघांनी गाडीत बसून ठरवलं. मला इचारलं व्हतं का?"

"न्हाई, वहिनी."

"त्ये शेअर न्हाईत. माझा माणूस हाय." मग त्या म्हणाल्या, "आत जा. त्यांच्या पायाला हात लावून बघा. गरम हायेत."

मी आत गेलो. पायाला हात लावला. गरम होते. रोज चालून टाचा फुटलेले ते पाय, एस.टी.च्या मागं धावणारे... बाहेर आल्यावर मी बाळापूरचा विषय सोडून दिला. मी काय सांगणार होतो? एकदा पैसा अडकला की माणूस स्वतःशी खोटं बोलतो, हे त्याचं वाक्य खरं. पण ते पाय गरम होते, हेही खोटं नव्हतं.

मग मुक्ताचे फंड मोडायला सुरुवात झाली. बाजार त्याच दिवसांत पडत होता. दवाखान्याच्या पायरीवर ती पोरगी बापाचा फोन घेऊन बसायची आणि मला दाखवायची. "काका, सगळं लाल हाय. बाबा म्हणायचे, लालात विकायचं न्हाई." मी म्हणायचो, "विक." आणखी काय म्हणणार? फंड वेगवेगळे होते, एक पडला तर दुसरा सावरेल म्हणून त्यानं विचार करून वाटून ठेवलेले. ते सगळे एकदमच पडले आणि एकामागं एक विकले गेले.

फोन उघडायला त्याचा अंगठा लागायचा. लॉकचा नंबर कुणालाच माहीत नव्हता, तो फोन सुरक्षित ठेवणारा माणूस. म्हणून भेटीच्या वेळी मुक्ता आत जायची, त्याचा हात हातात घ्यायची, अंगठा कापसानं पुसायची आणि फोनवर टेकवायची. मी काचेतून बघायचो. पहिल्यांदा अंगठा लागला नाही, हात सुजलेला होता. तिनं तो पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला, आणि फोन उघडला... ज्या घरात सही करणारा तो पहिला माणूस, त्या घरात शेवटचा व्यवहार अंगठ्यावर झाला. आणि तोही कशासाठी, तर जिला मधी उतरायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं, त्या लेकीला मध्येच उतरवण्यासाठी. दोन-तीन दिवसांनी घरच्या एका जुन्या वहीत लॉकचा नंबर सापडला, तेव्हा तिनं स्वतःचं बोट त्या फोनमध्ये नोंदवलं. मला म्हणाली, "सारखं सारखं बाबाला तकलीफ नको."

शेवटचे युनिट विकले, त्याचे पैसे खात्यात पडायच्या आत तो गेला. ते पैसे नंतर आले. दवाखान्याचं राहिलेलं बिल भरण्यात तेही गेले.

दिवस झाले, आणि बाजार वर जायला लागला. वर म्हणजे चांगलाच वर. बाजाराला कुणाचं काय असतं! गाडीत गुरुजी परवा मला विचारत होते, "सर असते तर काय म्हणले असते हो, आता घ्यावं का?" मला त्यांचा राग आला नाही. लोक म्हणतात, एवढा जाणकार माणूस, पण शेवटी कुटुंब उघड्यावर पडलं. मला हे बोलणं सहन होत नाही. मारोतीचं एकही सूत्र चुकलेलं नव्हतं. वाटणी बरोबर होती, बाजूचा पैसा बरोबर होता, उतरायचं गावसुद्धा ठरलेलं होतं. आणि वहिनी चुकल्या असंही मी म्हणू शकत नाही, माझ्या हाताला ते पाय लागलेत. चूक कुणाचीच नाही. चूक सापडली असती तर तिला शिव्या घालून थोडं हलकं वाटलं असतं. ती सापडत नाही, हेच असह्य होतं. शिकलो की आपल्यावर असली वेळ येणार नाही, असं आम्हा दोघांना मनापासून वाटायचं. त्या पानभर सह्यांमागं तेच होतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. मुक्ता हिंगोलीच्या कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म भरत होती. संभाजीनगरचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही. भिंतीवर तिनं काढलेलं घराचं चित्र होतं, एक खिडकी रंगवायची राहिलेली. वहिनी चहा टाकत होत्या. तेवढ्यात कोनाड्यात ठेवलेला मारोतीचा फोन वाजला. मेसेज होता. मुक्तानं तो न बघताच सांगितलं, "बाबाचा हप्ता."

युनिट सगळे विकले गेले, पण महिन्याचा हप्ता बंद करायचा कुणालाच सुचलं नव्हतं. ठरल्या तारखेला फंड त्याच्या खात्यातून पैसे मागतो. खातं रिकामं. बँक कळवते, पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला. तो दवाखान्यात होता तेव्हा एकदा असं झालं होतं, हे दुसऱ्यांदा. मी म्हणालो, "वहिनी, एक अर्ज देऊन बंद करून टाकू. उगं बँकेचा दंड लागते." बँकेत मृत्यूचा दाखलाही त्यांनी अजून दिलेला नाही.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला. "राहू द्या, भाऊजी. महिन्यातनं एकदा त्यांच्या नावानं फोन वाजते. तेवढंच हाय. बंद नका करू."

फोनला चार्जर लावलेलाच होता. वहिनी तो रोज लावून ठेवतात, मुक्तानं सांगितलं.

हप्ता लागोपाठ तीनदा परत गेला की फंड तो आपोआपच बंद करतो, कुणाला न विचारता. हे मला मारोतीनंच शिकवलंय, त्याच गाडीत. दोन झाले. पुढच्या महिन्यात त्या तारखेला कोनाड्यातला फोन आणखी एकदा वाजेल, आणि त्यानंतर वाजणार नाही.

वहिनींना मी हे सांगितलेलं नाही.