चौथी मोटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही शीतलला ओळखत नाही.

अमरावतीला एमटेकला आम्ही एकत्र होतो. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, माझी रूममेट, आणि — सांगूनच टाकते — माझ्यापेक्षा हुशार. फवारणीच्या ड्रोनचा प्रोजेक्ट दोघींचा. मोटरा, वायरिंग माझ्याकडे. त्याला हवेत सावरणारा कंट्रोलर तिचा. टाकीतलं औषध हिंदकळायला लागलं की साधी समीकरणं कामाची राहत नाहीत. तिनं मात्र कागदावर सिद्ध केलं, की ड्रोन ठरावीक कोनापलीकडे झुकणारच नाही. सर ती सिद्धता वर्गात फळ्यावर लिहायचे. माझ्या सोल्डरिंगचं कोण कौतुक करणार? जळायचे मी तिच्यावर. तिला साधी झोप लागलेलीही बघवायची नाही.

अकोल्याजवळ एका शेतात चाचणी ठरली. आदल्या दिवशी एक मोटर जळाली. मी बाजारातून दुसरी आणून बसवली — कमी ताकदीची, तीच मिळाली. शीतलच्या गणितात चारही मोटरा सारख्या होत्या. तिला सांगायचं राहून गेलं, खरंच राहून गेलं. पण सकाळी आठवलं ना! सर तिची पाठ थोपटत होते, आणि मी — गप्प बसले.

ड्रोन तुरीत कोसळला. ती मोटर मीच उचलली, मीच फेकून दिली.

एवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. शीतल कितीतरी दिवस आपलीच सिद्धता उलटसुलट तपासत बसली. शेवटी कागद माझ्यापुढे सरकवले. "चुकी कुठी हाय, मले दिसूनच नाही राह्यली. तू पाह्य ना वं."

मी पाहिलं. चूक नव्हतीच. तरी एका ओळीवर बोट ठेवलं — उगाच, कुठल्याही — आणि ही पटत नाही म्हणाले. तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पीएचडीचा अर्ज तिनं भरला नाही. मी भरला. आज हाच विषय शिकवते.

गेल्या महिन्यात अमरावतीत एका लग्नात भेटली. बँकेत असते. मोकळं हसत म्हणाली, "बरं झालं तुनं तवा सांगतलं. नाहीतर मी जिंदगीभर सोताले हुशार समजत राह्यली असती."

त्या हसण्याचाही मला हेवा वाटला. आणि मी तिची समजूत काढली — "जाऊ दे वं, होते चुकी कोणाचीबी."