शकुनबाई आणि श्वास न घेणारा आवाज

शकुनबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी अहेरीच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत बसलो होतो. सकाळचे अकरा, म्हणजे ऐन गर्दीची वेळ. त्यांच्या भाच्याने गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोन केला, हृदयाचा झटका एवढं सांगितलं आणि ठेवला. निवृत्त होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. मी फोन हातात धरून तसाच बसलो... आणि डोक्यावरच्या भोंग्यातून गाडीची सूचना सुरू झाली. ज्या खुर्चीवरून शकुनबाईंनी एकोणीस वर्षं गाड्या पुकारल्या, तिच्यासमोर आता संगणक आहे आणि पुकारतं ते यंत्र. दोन मिनिटं ते बंद करावं असं फार मनात आलं. पण बाहेर आलापल्लीची माणसं सामान धरून उभी होती, आणि माणसांची गाडी चुकवून वाहिलेली श्रद्धांजली शकुनबाईंनी खपवून घेतली नसती. मी काही बंद केलं नाही. त्या दिवशी जे करता आलं नाही ते आता पाच आठवड्यांनी इथे लिहून करतो आहे.

शकुन कोवे हे त्यांचं नाव. पेरमिलीच्या पलीकडे जंगलातलं त्यांचं गाव, घरी गोंडी, शाळेत मराठी, आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या गाड्यांमुळे कामापुरती तेलुगू. मी आरमोरीकडचा, धानाच्या बांध्यांतून सरळ नोकरीत आलेला. वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांच्या केबिनमध्ये रुजू झालो तेव्हा मला अहेरीच्या दक्षिणेचं एक गाव धड ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी हौसेने माइक हातात घेतला आणि एका दमात आठ गावं म्हणून मोकळा झालो. शकुनबाईंनी शांतपणे माइक काढून घेतला. म्हणाल्या, "भाऊ, तुमी पाढे म्हनून राह्यले का? त्या बाकावरच्या बाईले आपलं गाव ऐकू आलं पाहिजे ना." मग त्यांनी तीच सूचना पुन्हा दिली, आणि फलाटावरची माणसं उठली. वयाने त्या सहा वर्षांनी मोठ्या, पण मला नेहमी भाऊच म्हणायच्या, आणि रागवायच्याही त्याच शब्दाने.

आता मुद्द्याचं. या शकुनबाई जपानी गाण्यांवर ब्लॉग लिहायच्या. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी थापा मारतोय, म्हणून सविस्तर सांगतो. दुपारी दीडच्या सुमाराला स्थानक जरा ओसरतं. त्या वेळी डबा खाताना त्या मोबाइलवर भजनं लावायच्या. एक दिवस भजन संपलं आणि आपोआप पुढचं काहीतरी सुरू झालं. कुणी पोरगी भलत्याच वेगाने, न कळणाऱ्या भाषेत गात होती, मागे टकटक वाजणारं विजेचं संगीत. मी म्हटलं, बंद करा हो ते. शकुनबाईंचा घास हातातच राहिला. "थांबा," त्या म्हणाल्या, "हे पोरगी श्वासच नाई घेऊन राह्यली." मला काहीच जाणवलं नव्हतं. पण जी बाई दिवसातून शंभरदा 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणते, तिला श्वास कुठे घ्यायचा हे पोटापाण्याइतकं ठाऊक असतं. चार दिवसांत त्यांनी छडा लावला. ती पोरगी नव्हतीच. जपानमध्ये असा एक आवाज बनवलाय की सूर आणि अक्षरं भरली की तो गातो, आणि हजारो हौशी माणसं आपापल्या खोलीत बसून त्याच्याकडून गाणी गाऊन घेतात.

तिथून त्यांना नाद लागला तो लागलाच. या गाण्यांवर जगभरची पोरं ब्लॉग लिहितात. कुठल्या गाण्यात सिंथ, म्हणजे विजेवरचा बाजा, कुठला, ढोल यंत्राचा की माणसाचा, आणि मुख्य म्हणजे आवाजाची घडण कुणी कशी केली, यावर तावातावाने भांडतात. शकुनबाई भाषांतराचं बटण दाबून ते सगळं वाचायच्या आणि माझं डोकं खायच्या. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मले काऊन सांगता? लिहा ना तुमी पन." त्यांनी ते खरं मानलं. 'श्वास न घेणारी पोर' हे ब्लॉगचं नाव, भाषा मराठी, आणि लेखणी म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. जपानी एक अक्षर येत नव्हतं, म्हणून गाण्याच्या अर्थावर त्या कधी एक ओळ लिहीत नसत. जे ऐकू येतं तेवढंच. एका गाण्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं की करणाऱ्याने दोन ओळींच्या मध्ये मुद्दाम श्वासाचा आवाज भरलाय, पण तो चुकीच्या जागी. माणूस लांब ओळीच्या आधी श्वास घेतो, नंतर नाही. यावर कुठल्याकुठल्या देशांतून चाळीसेक लोक भाषांतराचं तेच बटण दाबत येऊन वाद घालून गेले, आणि शेवटी बहुतेकांनी शकुनबाईंचं म्हणणं मान्य केलं. अहेरीच्या बसस्थानकात बसून, डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता, या बाईने टोकियोच्या गाण्यातला श्वास पकडला होता. मला तेव्हाही अभिमान वाटला होता, फक्त तोंडावर म्हटलं, "आता जेवा, गार झालं."

पुण्याचा एक ब्लॉगवाला त्यांच्याशी कायम भांडायचा. त्याचं म्हणणं, संगीत उत्तम आहे पण गाणारं कोणी नाही, मग भावना कुठून येणार? शकुनबाईंनी त्याला उत्तर लिहिलं, ते मला जवळजवळ पाठ आहे. 'मी बसस्थानकावर गाडी लागल्याचं सांगते तेव्हा माणसं धावत सुटतात, रद्द झाल्याचं सांगते तेव्हा कुणीतरी हातातलं सामान खाली ठेवतं. माझा आवाज दोन्ही वेळी सारखाच असतो. ज्याला घरी जायचं असतं त्याला तो वेगळा ऐकू येतो.' तोवर तो त्यांना कॉलेजात शिकणारं कुणी पोर समजत होता. त्याने खाली एवढंच लिहिलं, 'काकू, हरलो.' त्यानंतर तो त्यांना दिवाळीला मेसेज करायचा.

मग आमच्याकडे यंत्र आलं. कुठल्याशा ठेकेदाराची दोन माणसं संगणक जोडून, सगळ्या गाड्यांची यादी भरून, चहा पिऊन निघून गेली. बाईचाच आवाज, गोड, स्वच्छ, आणि नळ सोडल्यासारखा. क्रमांक, वेळ, मार्गे अमुक मार्गे तमुक, सगळं एका ओघात. तिसऱ्या दिवशी जारावंडीचं एक म्हातारं जोडपं बाकावर बसून राहिलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची गाडी निघून गेली. दोघांनाही वाचता येत नव्हतं. आजोबा खिडकीशी येऊन विचारू लागले, "आमची गाडी बोललीच नाई का, बाई?" शकुनबाईंनी त्यांना पुढच्या गाडीची वेळ सांगितली आणि चहा पाजला. मी मात्र साहेबांकडे जाऊन फार बोललो. आमचे साहेब भले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. म्हणाले, शकुनबाई दोन वर्षांनी निवृत्त होतील, त्याआधी त्यांच्याच आवाजात सगळ्या सूचना रेकॉर्ड करून घेऊ. कायमचं काम होईल. मला ते इतकं पटलं की मी टाळीच वाजवली.

शकुनबाई म्हणाल्या, "नाई."

त्या दिवशी आम्ही भांडलो तसे कधी भांडलो नव्हतो. मी म्हटलं, एकोणीस वर्षं या मुलखाने ज्या आवाजावर भरवसा ठेवला तो तुमच्यासोबत घरी नेता काय? लाज वाटते का माइकची? त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, माह्या आवाजात आज जितले गावं हायेत तितलेच राहतीन. उद्या नवीन सडक झाली, त्या गावाची गाडी सुरू झाली, मंग? तवा मले कुठून आनसान? त्या गावच्यायनं का पाप केलं? यंत्राले शिकवा. ते नवीन नाव बी बोलते." मी म्हटलं, यंत्र काय शिकणार! त्या हसल्या. "जपानचे पोट्टे त्याले गानं शिकवते, मले गाडी नाई शिकवता येनार?" मला ते पटलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, आणि खरं सांगायचं तर आतून मी दुखावलो होतो, कारण तो आवाज जाणार हे मलाच सहन होत नव्हतं.

पुढचे अडीच महिने त्यांनी रोज दुपारचा डबा संगणकासमोर खाल्ला. ब्लॉगवाल्यांकडून जे शिकल्या होत्या ते सगळं त्यांनी त्या यंत्रावर काढलं. वाक्य तोडायचं कुठे, वेग कुठे कमी करायचा, अक्षर किती लांबवायचं. अडलं की ब्लॉगवर विचारायच्या, आणि पुण्याचा तोच भांडखोर, शिवाय कोल्हापूरची एक पोरगी आणि कुठूनसा एक परदेशी, तिघं मिळून एटापल्ली आणि भामरागडवर चर्चा करायचे! आमच्या गावांची नावं त्यांनी कधी नकाशातही पाहिली नसतील. शकुनबाई प्रत्येक सूचना फलाटावर जाऊन, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून ऐकायच्या, आणि परत येऊन पुन्हा बदलायच्या. त्यांचा मुख्य नियम मला अजून ऐकू येतो. "नावाच्या आंधी थांबा पाहिजे. मान्सानं मान वर केली पाहिजे, मंगच नाव आलं पाहिजे." नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि एका गाडीची सूचना माझ्याकडून घडवून घेतली. चारदा चुकलो. पाचव्यांदा म्हणाल्या, "चालते."

त्या गेल्यावर मी माझा फोन वरपासून खालपर्यंत धुंडाळला. फोटो आहेत, लिहिलेले मेसेज आहेत, ब्लॉग आहे. आवाज नाही. कुणाकडेच नाही, भाच्याकडेही नाही. ज्या बाईचा आवाज अर्ध्या जिल्ह्याने ऐकला तिचं एक वाक्य आज कुणाला ऐकता येत नाही, आणि हे होणार हे माहीत असूनही त्यांनी नाही म्हटलं होतं. पहिले काही दिवस मला त्यांचा राग आला. रेकॉर्ड केलं असतं तर निदान... असं मी दहा जणांना बोलून दाखवलं.

गेल्या आठवड्यात नाल्यावरचा नवा पूल खुला झाला आणि कोरमगुड्याला पहिल्यांदाच गाडी सुरू झाली. शकुनबाईंनी हे नाव भोंग्यावर कधीच घेतलं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खुर्चीत बसलो. यंत्राने आधी सगळं धावतपळत म्हटलं. मी वाक्य तोडलं, वेग उतरवला, फलाटावर जाऊन ऐकलं, परत आलो, पुन्हा बदललं. किती वेळा ते मोजलं नाही. सकाळी गाडी लागली. बाकावर एक म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, तिला अजून खरं वाटत नसावं. भोंगा सुरू झाला, मार्गातली गावं एकेक करून झाली, आणि शेवटच्या नावाआधी क्षणभर थांबला. म्हातारीने मान वर केली. मग नाव आलं, आणि ती बोचकं उचलून गाडीकडे चालू लागली.