उरलेल्या गोळ्या

आमच्या पुरानी बस्तीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बायका मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कुणाला ताप आला, कुणाचा घसा धरला, की त्या आमच्या दारात हजर. माझ्याकडे अँटिबायोटिकच्या गोळ्या कायम असत, कारण आमच्या घरात कुठलंच पाकीट कुणी पूर्ण संपवलं नाही. ताप उतरला की गोळी बंद, उरलेल्या पुढच्या वेळेला. अन्न टाकत नाही, मग औषध कसं टाकायचं, असा माझा न्याय.

आमच्या यांना लघवीच्या जळजळीचा जुना त्रास. रेल्वेतून रिटायर झाल्यावर तो वाढला. दर खेपेला मी तीन दिवस गोळ्या द्यायची आणि बरं वाटलं की थांबवायची. गेल्या हिवाळ्यात मात्र ताप हटेना. हुडहुडीनं दातावर दात आपटायला लागले, आणि दुपारपर्यंत ते मला ओळखेनासे झाले. मुलीनं त्यांना तेलीबांध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी रक्त-लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाची होती. जंतू बहुतेक औषधांना दादच देत नाहीत, म्हणाली. "दो दवाइयाँ साथ में चलानी पड़ेंगी. किडनी पर असर हो सकता है, रोज़ देखेंगे." एकापेक्षा दोन औषधं चांगली ठरतील असं छातीठोकपणे सांगता येत नाही, हेही तिनं लपवलं नाही. मग विचारलं, याआधी कोणकोणती अँटिबायोटिक दिली होती?

मुलगी म्हणाली, "कुछ खास नहीं." तिला बिचारीला काय ठाऊक. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण आयसीयूच्या काचेपलीकडे ते डोळे मिटून पडले होते, आणि माझ्या अब्रूपेक्षा ते मला हवे होते.

"मैं बताती हूँ," मी म्हटलं. एकेक गोळीचं नाव सांगितलं, कधी दिली, किती दिवस दिली, सगळं. पाठच होतं मला. डॉक्टर लिहून घेत राहिली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसतं पान उलटलं.

ताप उतरायला आणखी पाच दिवस लागले. सलाइनमधून ती दोन औषधं जायची आणि मी देवाशी कडाकडा भांडायची. सहाव्या दिवशी सकाळी ह्यांनी चहा मागितला आणि लागलीच घरी जायचा हट्ट धरला.

"ताप तर गेला. आता सुई काहून?"

"डॉक्टर म्हणन तितके दिवस घ्यायची. एकही कमी नाही," मी दरडावलं, आणि बोलता बोलता माझा बांध फुटला. "माझ्याचमुळं झालं हे. अर्धवट गोळ्या देत होती मी तुमाले. माझ्या हातानं."

सुया टोचून निळा पडलेला हात त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"काहून रडून राहिली? तुह्या हातची होती म्हणून तीन दिवस तरी खाल्ली. दुसऱ्या कोणाची असती, तर पहिल्याच दिवशी नालीत फेकली असती."