फवारणीचं विमान आणि कॅप्टनची झोप

दिवसभर आभाळाकडे बघत बसण्याचा पगार मिळत असेल, तर किस्से साठणारच. ऐंशीच्या दशकात धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर कपाशीच्या फवारणीसाठी विमान आलं आणि कारकून म्हणून माझी तिथे नेमणूक झाली. का, ते मला अजून कळलेलं नाही. विमानाला बहुधा कारकून लागत असावा.

पायलट एकच, पंजाबी कॅप्टन. उजाडल्यापासून शेतांवरून अगदी खालून उडायचे, विजेच्या तारा चुकवत. डोळे कायम लाल. एक डुलकी लागली की संपलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना कुणी झोपू देत नव्हतं!

*

कुठे फवारायचं ते कळावं म्हणून शेताच्या कडेला आबा नावाचे शेतकरी पांढरं निशाण धरून उभे राहायचे. एकदा अख्ख्या गावाने आपापल्या शेतात धोतरं फडकवली. कॅप्टन घिरट्या घालून थकले आणि तसेच उतरले. "खेत किसका है?"

आबा शांतपणे अहिराणीत म्हणाले, "बठ्ठासनं शे!" म्हणजे, सगळ्यांचंच आहे.

*

दुपारी कॅप्टन विमानाच्या पंखाखाली खाट टाकायचे. मग गाव बघायला यायचं. विमान नव्हे, झोपलेला पायलट. एक म्हातारबा खाटेवर वाकून हळूच म्हणाले, "साहेब, झोपमोड नाही करत. फक्त विचारतो, झोप लागली का?"

*

जेवण रोज नव्या घरचं. भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. नको म्हटलं तर घर रुसायचं. एकदा कॅप्टननी हात जोडले, "इतना खाके मैं उड़ नहीं पाऊँगा."

आबांनी आणखी भरीत वाढलं. "पोटभर खाईसन गिधाडलेबी उडता येत नही!"

*

बांधावरून हात हलवणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टन वरून हात करायचे. एकदा त्या नादात विमान इतकं खाली आलं, की चाकात कपाशीची फांदी अडकून आली. फांदी सोडवताना मी देवाचं नाव घेतलं. गाव मात्र खूश! "इमानवाला वाकीसन रामराम करस!"

*

शेवटी आमचे साहेब जीपने आले. ड्रायव्हर उतरला, साहेब जीपमध्येच बसून राहिले. कॅप्टननी सांगितलं, आज आणखी उडणं जमणार नाही, डोळे मिटताहेत.

"इंजिन ठीक आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग थकलंय कोण?"

कॅप्टननी हेल्मेट चढवलं, विमानाला वळसा घालून सरळ जीपमध्ये साहेबांच्या शेजारी स्टिअरिंगवर बसले. मला अंगठा दाखवला. जीप धावपट्टीवरून सुसाट निघाली आणि टोकाला जाऊन कपाशीत घुसली.

थोड्या वेळाने साहेब एकटेच चालत आले. टोपी नव्हती. कॅप्टन जीपमध्येच घोरत होते.

"आज विमान उडणार नाही. त्यांना उठवू नका," साहेब म्हणाले.

"साहेब, झालं काय?"

"स्टिअरिंग छातीशी ओढलं त्यांनी. म्हणाले, 'नीचे देखिए साहब, धुलिया कितना छोटा दिखता है!'"

"मग?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"मी वाकून पाहिलं!"