मावशीने मला चालू तारेवर धडा शिकवला त्याची गोष्ट

माझी मावशी आठवी शिकलेली आणि मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला, आणि परवा तिने माझी अशी काही जिरवली ना, की ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बावीस वर्षं हीटरच्या कॉइल बनवणाऱ्या कारखान्यात होती, आता घराच्या पुढच्या खोलीत इस्त्र्या, गिझर, शेगड्या दुरुस्त करते. अंबाड्यात कायम खडू खोचलेला. सापडेल तिथे गणित मांडते, टेबलावर, फरशीवर, एकदा तर माझ्या बाबांच्या नव्या सुटकेसवर. तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तूंवरचे आकडे पुसलेले असतात. मग ती वस्तू चालू करते, व्होल्ट बघते, अँपिअर बघते. गुणाकार केला की वॅट, भागाकार केला की ओहम. पण बंद वस्तूचं माप म्हणून घेत नाही. "बसलेल्या माणसाचा दम काय मोजायचा? पळायला लाव, मग बघ," म्हणते. आम्ही सगळे त्यावरून तिची टिंगल करायचो. मी तर जास्तच.

तर परवा दुपारी शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र आहे, कपाटाएवढं. आत तीनशे अंडी, एकोणिसावा दिवस, म्हणजे दोन दिवसांत पिल्लं बाहेर. आणि तापमानाचा काटा साडेसदतीसवर हवा तो छत्तीसवर, आणि खालीच चाललेला. मावशी कुणाचा तरी गिझर बसवायला गेली होती. मग मीच गेले, माझा नवा कोरा मीटर घेऊन, छाती फुगवून.

हीटरचा प्लग काढला, सॉकेटमध्ये मीटर लावला. दोनशे तीस. "वीज नीट येतेय काकू. म्हणजे कॉइल गेली. बदलावी लागेल."

"किती वेळ?"

"यंत्र उघडून... चार तास."

काकू स्टुलावर मटकन बसल्या. "चार तासांत सगळी गार पडतील गं. आतून टोचायला लागलीयेत काही."

तरी मी हट्टाने स्क्रू काढायला घेतले. दोन निघाले आणि दारातून आवाज आला, "काय गं इंजिनीअरबाई, काय फाडायला घेतलंय?"

मी सगळं सांगितलं. मावशीने एकच विचारलं. "माप घेतलंस तेव्हा हीटर चालू होता?"

"नाही, प्लग काढला होता."

"मग कुणाचं माप घेतलंस? स्क्रू लाव परत."

तिने प्लग लावून हीटर चालू केला. मागच्या छोट्या झाकणाखाली हीटरच्या तारा जोडलेल्या असतात, तिथे मला मीटर धरायला लावला. एकशे चौऱ्याऐंशी. मला वाटलं मीटरच बिघडला. मग तिने आपला चिमट्यासारखा मीटर एका तारेभोवती अडकवला. तीन पॉइंट दोन अँपिअर.

अंबाड्यातला खडू बाहेर आला, यंत्राच्या दारावरच. "भाग."

एकशे चौऱ्याऐंशी भागिले तीन पॉइंट दोन. "साडेसत्तावन्न ओहम."

"आता यावर काय छापलंय वाच."

दोनशे तीस व्होल्ट, नऊशे वीस वॅट. म्हणजे चार अँपिअर. म्हणजे ओहम... साडेसत्तावन्न. तेवढेच. कॉइल ठणठणीत होती, फक्त उपाशी होती. नऊशे वीसच्या जागी तिला सहाशे वॅटसुद्धा मिळत नव्हते.

"आता मेन बोर्डावर बघ. चालू ठेवून."

दोनशे तीस.

"मधले सेहेचाळीस व्होल्ट कुणी खाल्ले?" मावशी म्हणाली. "सेहेचाळीस गुणिले तीन पॉइंट दोन कर."

"एकशे सत्तेचाळीस वॅट."

"तेवढी उष्णता या खोलीत कुठेतरी एका जागी निघतेय. अंड्यांना नाही मिळत, मग कुणाला मिळतेय?"

मी आणि काकूंनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी भिंतीवरच्या तारेमागे सुटलो. मावशी सावकाश, उपडा हात तारेजवळून फिरवत. भुशाच्या पोत्यामागे थांबली. "वहिनी, पोतं ओढा. आधी मेन बंद करा."

तारेला कधीतरी जोड दिलेला, नुसता पिळून वर चिकटपट्टी. चिकटपट्टी वितळून काळी पडली होती. पोत्याला तळहाताएवढा तपकिरी डाग. हीटर चालू झाला की हाच ढिला जोड व्होल्ट खात होता, बंद असताना नाही. मी चार तास कॉइल बदलत बसले असते, तीच तार परत जोडली असती, आणि वर हा भुसा पेटला असता.

"यंत्राचं दार कुणी उघडायचं नाही," म्हणत मावशीने जोड तोडला, पितळी कनेक्टर घालून घट्ट आवळला, वर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं. सहा मिनिटं. मेन चालू. हीटरवर दोनशे एकोणतीस, अँपिअर जवळजवळ चार. तासाभरात काटा साडेसदतीसवर.

आज एकविसावा दिवस. काकूंनी सकाळीच हाक मारली. मी दार लोटते तो आत नुसता चिवचिवाट, ओली, लटपटणारी, एकमेकांच्या अंगावर चढणारी. मला रडूच आलं. मागून मावशी आली. आधी पोत्याच्या जागी गेली, जोडाला उपडा हात लावला.

"गार आहे," म्हणाली. मग पिल्लं बघायला वाकली.