ढोम्याच्या डोक्यातला खडा

आत्ता शेजारी कुणीतरी खोबरेल तेलात लसूण तळतंय आणि मला अक्षरशः ओकारी येतेय. हसाल तुम्ही! मिरकरवाड्यात वाढलेली मी, कुजक्या मासळीचं पाणी चपलेत शिरलं तरी नाक मुरडत नाही. पण हा वास आला की बाबांचा उजवा कान आठवतो. सतत पाझरणारा, पिवळा, मेलेल्या उंदरासारखा वास मारणारा. त्यांच्या उशीचा अभ्रा मी चिमटीत धरून धुवायचे. शी!

बाबा तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर. इंजिनात जराशी खरखर आली की खलाशांच्या आधी त्यांना कळायचं. तोच कान बसत चालला, तशी आत्याने आपली विद्या काढली. ढोम्याच्या डोक्यात पांढरे खडे असतात ना, माशाला त्यांनीच ऐकू येतं म्हणे, ते तिने उगाळले, लसणीच्या कोमट तेलात कालवले आणि रोज बाबांच्या कानात! मी म्हटलं, "आत्या, किती घाण ती!"

"गप गो! ढोमा खाताना बरी घाण लागत नाय तुला."

शेवटी आईने बाबांना ओढतच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कॅमेऱ्याची नळी घालून कान साफ केला, आणि समोरच्या टीव्हीवर मला सगळं दिसलं. कानाचा फाटका पडदा, त्यातून आत गेलेलं तेल, खड्याचा चुरा, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखी साचलेली पांढरी कातडी. ती कातडी आत वाढत वाढत हाड खात होती. स्वतःचंच हाड! तरी नजर हटेना.

पडद्यामागे तीन हाडं असतात, बाई म्हणाल्या. हातोडा, ऐरण आणि रिकीब, म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो त्या कडीसारखं हाड. आवाजाने पडदा हलला की हातोडा ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला, आणि रिकीब तो आवाज आतल्या कानात पोचवते. ती तर तांदळाच्या कणीएवढी. "ऐरण गेलीय. रिकीब उरली असेल तर तिच्यावर नवीन हाड बसवू. नाहीतर कठीण आहे."

ऑपरेशन चालू असताना आत्या बाकावर माझ्या शेजारी. तिच्या बोटांना तोच वास. मी सरकून बसले, ती पुन्हा चिकटली. रडत होती. मग बाई बाहेर आल्या, "रिकीब शाबूत आहे."

एवढं सगळं कुजत होतं त्या अंधारात, आणि त्यातच ती कणी तशीच उभी होती! अजून नवल वाटतं. वासाची किळस मात्र काही केल्या जात नाही.

आता खिडकी लावायला उठले, तर आतून बाबा, "राहू दे गो उघडी. बोटी सुटतायत, ऐकतोय."

मग काय, नाक दाबून बसलेय.